‘अवक्षेप’ : एका संज्ञेची मर्यादा

खराडीजवळून वाहणाऱ्या मुळा-मुठेचे पावसाळी गढूळ पाणी हंड्यात घेऊन त्यात तुरटी फिरविली, तर काही वेळाने तळाशी साका बसतो. रसायनशास्त्रातील ‘अवक्षेप’ ही संज्ञा अशाच अनुभवावर उभी आहे. ‘अव’ या उपसर्गातच खाली जाण्याचा अर्थ आहे आणि इंग्रजी संज्ञेचे लॅटिन मूळही खाली लोटण्याचेच. धातुशास्त्राने मात्र ती जशीच्या तशी उचलली, आणि तेथे ती वाचकास चकविते.

घन मिश्रधातूत द्रव नाही, तळही नाही. तापवून एकदम थंड केलेली ॲल्युमिनियमची एक मिश्रधातू नुसती ठेवून दिली तरी काही दिवसांत कठीण होते, असे आल्फ्रेड विल्म यांना १९०६ साली आढळले. अतिसंतृप्त घन विद्रावातील अणू आतल्या आतच एकत्र येतात, हे त्यामागील कारण. गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये, परस्परांपासून स्वतंत्रपणे, ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूतील असे पुंज क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले. येथे काहीच ‘खाली’ जात नाही. ‘विलगन’ ही संज्ञा या दृष्टीने अधिक निर्दोष ठरते, जरी तीत एकत्र येण्याचा भाव नाही.

न्यूट्रॉन-प्रकीर्णनाने हा प्रश्न अधिक धारदार केला आहे. तुर्भे येथील ध्रुवा या १९८५ मध्ये क्रांतिक झालेल्या अणुभट्टीवर लघुकोनी प्रकीर्णनाची उपकरणे आहेत. न्यूट्रॉन जाड पोलादातूनही आरपार जातो. इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकास लागणारा पातळ काप येथे नको. शिवाय क्ष-किरणांना लोह व निकेल जवळजवळ सारखेच भासतात, तर न्यूट्रॉनच्या बाबतीत लोहाची प्रकीर्णन-लांबी ९.४५ फेम्टोमीटर आणि टायटॅनियमची ऋण ३.४४ आहे. म्हणून मॅरेजिंग पोलादातील निकेल-टायटॅनियमचे कण भोवतालच्या लोहापासून वेगळे ओळखू येतात. कण जितका मोठा, तितका प्रकीर्णनाचा कोन लहान.

परंतु ‘कण दिसले’ असे येथे लिहिणे सदोष होय. मोजली जाते ती कोनागणिक तीव्रता. आकार अनुमानाने येतो. कण गोल मानला तर एक माप निघते, चकतीसारखा मानला तर दुसरे. ‘साका’ म्हणताच मनात गोल दाणा उभा राहतो. गिनिए-प्रेस्टन यांचे तांब्याचे पुंज तर चकत्यांसारखे होते.