कॉम्प्रेसरशेजारची राखाडी पेटी

अमेरिकेत एखाद्या घराच्या मागच्या भिंतीला मिनी स्प्लिट एसीचं आउटडोअर युनिट दिसलं, की माझी नजर आधी त्याच्या शेजारी जाते. तिथे वीतभर उंचीची एक राखाडी पेटी असते. यंत्राची वीज तिथल्या तिथे तोडणाऱ्या या पेटीला तिकडचे इलेक्ट्रिशियन डिसकनेक्ट म्हणतात. एसीची जाहिरात बघा, माहितीपत्रक वाचा, हिचा उल्लेख सापडणार नाही. हजारो डॉलरच्या यंत्राशेजारी वीस-पंचवीस डॉलरची वस्तू. घरमालकाला तिचं काही वाटत नाही. मला मात्र ती अतिशय देखणी वाटते, आणि तिचं देखणेपण आत आहे.

साधा पुल-आउट प्रकार घ्या. झाकण वर उचललं की काळ्या प्लास्टिकचं हँडल दिसतं. ते सरळ ओढायचं. ते हातात येतं तेव्हा त्याच्या पाठीला धातूची पाती असतात, आणि ती जिथून निघाली तिथे फटी उरतात. वीज कुठे तुटली हे डोळ्यांना दिसतं. खटक्याच्या स्विचमध्ये हे सुख नाही: दांडी खाली असली तरी आतले संपर्क चिकटून बसले नसतील हे बाहेरून कसं कळणार? अनेक पेट्यांत हेच हँडल उलटं करून बसवलं की ‘ऑफ’. पण मुरलेला मेकॅनिक ते खिशात टाकतो. मग घरातलं कुणीही येवो, त्याचे हात यंत्रात असताना वीज चालू करू शकत नाही. सुरक्षेचा इतका सोपा आणि पक्का उपाय मला दुसरा माहीत नाही.

आतला प्लास्टिकचा पडदाही बघा. हँडल काढलं तरी ‘लाइन’ लिहिलेल्या बाजूचे स्क्रू जिवंतच असतात. मेलेली असते ती फक्त ‘लोड’ची बाजू. पडदा त्या जिवंत स्क्रूंवर असतो. तो हरवलेली पेटी मी तरी वापरू देणार नाही. आणि हँडल निघालं म्हणून लगेच आउटडोअरच्या बोर्डाला हात लावायचा नाही. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट साठलेले असतात. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून खात्री करायची.

निवडीत सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो ६० या आकड्याने. युनिटच्या नेमप्लेटवर दोन आकडे असतात: एमसीए, म्हणजे तारेने किमान किती अँपिअर वाहून न्यायला हवेत, आणि एमओसीपी, म्हणजे ब्रेकर जास्तीत जास्त केवढा चालेल. एक टनाच्या पुष्कळ युनिटांवर हा दुसरा आकडा १५ असतो. मग दुकानातून आणलेल्या पेटीवर ६० अँपिअर वाचून माणूस दचकतो. दचकायचं कारण नाही. ६० म्हणजे पेटीची सोसण्याची ताकद. राखणदारी पॅनेलमधल्या १५ च्या ब्रेकरची, पेटीची नव्हे. म्हणून नेमप्लेटवर फक्त फ्यूजच लावा असं लिहिलेलं नसेल, तर बिनफ्यूजची पेटी घ्यावी. फ्यूजवाली घेतली तर तापायच्या आणि सैल व्हायच्या जागा तेवढ्या वाढतात, हाती काही लागत नाही.

जागेबद्दलचा नियम मला आकड्यांपेक्षाही आवडतो. तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम ४४० सांगतं, की डिसकनेक्ट यंत्राच्या नजरेच्या टप्प्यात हवा, म्हणजे दिसायला हवा आणि ५० फुटांच्या आत हवा. शिवाय सहज हाती लागायला हवा. यंत्राशी वाकलेल्या माणसाला मान वळवून दिसलं पाहिजे, की वीज बंदच आहे. पेटीसमोर ३० इंच रुंद आणि ३ फूट खोल मोकळी जागाही लागते. युनिटच्या पाठीमागे, पंख्यावरून हात घालावा लागेल अशी ठोकलेली पेटी दिसली की वाईट वाटतं.

पण खरी कसोटी घराच्या आत लागते. मिनी स्प्लिटमध्ये वीज आधी आउटडोअरला येते आणि तिथून चार तारांच्या केबलने इनडोअरला जाते: दोन पॉवरच्या, एक सिग्नलची, एक अर्थिंगची. काही गावांचे इन्स्पेक्टर इनडोअरजवळही डिसकनेक्ट मागतात. घाईतला माणूस तिथे दोन पोलचा, म्हणजे दोनच तारा तोडणारा स्विच लावून मोकळा होतो. सिग्नलची तार मग बाहेरच्या जिवंत बोर्डाला जोडलेलीच राहते, आणि ती निरुपद्रवी नसते, कारण मित्सुबिशीच्या अनेक युनिटांत सिग्नलचा परतीचा रस्ता पॉवरच्याच एका तारेतून जातो. तिथे तीन पोलचाच स्विच हवा, तिन्ही तारा एकदम तोडणारा. अर्थिंग मात्र कधीच तोडायची नाही. संपर्कही घट्ट हवा. जरा सैल पडला की दोन्ही युनिटांचं बोलणं बंद आणि डिस्प्लेवर एरर.

जीएफसीआयचं, म्हणजे विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणाऱ्या संरक्षणाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. २०२० च्या कोडने घराबाहेरच्या अशा जोडण्यांना ते सक्तीचं केलं आणि इन्व्हर्टरची यंत्रं विनाकारण ट्रिप होऊ लागली. आधी मिनी स्प्लिटला तात्पुरती सूट मिळाली. २०२३ च्या कोडने प्रमाणित एसींना ती १ सप्टेंबर २०२६ पर्यंत दिली. राज्यागणिक कोडची आवृत्ती वेगळी असते, तेव्हा तिकडे घर असलेल्यांनी पेटी घेण्याआधी स्थानिक कार्यालयात विचारावं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बहुतेक ठिकाणी वीज आधी इनडोअरला येते. एमसीबीचा एसी बॉक्स बेडरूममध्ये, आउटडोअर ग्रीलबाहेरच्या ब्रॅकेटवर. सातव्या मजल्यावर बाहेर वाकून काम करणाऱ्या पोराला तो बॉक्स दिसतच नाही, आणि आत कुणी बटण दाबलं तर कळतही नाही. नवा एसी बसवाल तेव्हा इलेक्ट्रिशियनला सांगा: खिडकीतून हात पोचेल अशा जागी, आउटडोअरला जाणाऱ्या सगळ्या जिवंत तारा एकदम तोडणारा, कुलूप लावता येणारा, पावसापाण्यात टिकणारा आयपी६५ आयसोलेटर बसव. तो नको म्हणाला तरी आग्रह धरा.