थ्रॅश मेटल संगीतातील गिटारचे एकलवादन

थ्रॅश मेटल संगीतातील गिटारचे एकलवादन : थ्रॅश मेटल या अतिद्रुत लयीच्या रॉक संगीतप्रकारात गायन थांबल्यावर प्रमुख गिटारवादक एकट्याने जो स्वरविस्तार करतो, तो वादकांत व श्रोत्यांत ‘सोलो’ या नावानेच रूढ आहे. हा संगीतप्रकार अमेरिकेत, मुख्यतः सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराचा परिसर व लॉस अँजेल्स येथे, १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आकारास आला. मेटॅलिका, स्लेअर, मेगाडेथ आणि न्यूयॉर्कचा अँथ्रॅक्स हे चार वाद्यवृंद त्याचे अग्रणी मानले जातात.

थ्रॅशच्या घडणीत दोन परस्परविरोधी वारसे एकत्र आले. त्याचा वेग व आक्रमकपणा बव्हंशी हार्डकोर पंक संगीतातून आला. पंक वादकांच्या लेखी सोलो म्हणजे कसबाची मिरवणूक होती व ती त्यांना त्याज्य वाटे. उलट जूडास प्रीस्टसारख्या ब्रिटिश हेवी मेटल वाद्यवृंदांत दोन गिटारवादकांचे एकलवादन हा गाण्याचा कळस समजला जाई. थ्रॅशने पहिल्याचा वेग घेतला आणि दुसऱ्याचा सोलोही टाकला नाही. त्यामुळे या संगीतात सोलोला गृहीत असे स्थान नाही. आपले प्रयोजन त्याला प्रत्येक गाण्यात नव्याने सिद्ध करावे लागते.

थ्रॅशचा कणा म्हणजे रिफ, अर्थात पुनःपुन्हा येणारी छोटी स्वराकृती. उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून दाबलेला, कोरडा व ठोकल्यासारखा नाद काढून ती वाजविली जाते. कोमल ऋषभ व तीव्र मध्यम या स्वरांचा तीत विशेष वापर आढळतो. सोलो चालू असता रिफ खाली वाजतच राहतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लहरा आवर्तन धरून ठेवतो, त्याची येथे आठवण व्हावी. मात्र लहरा मुद्दाम साधा व स्थिर ठेवलेला असतो, तर थ्रॅशमध्ये रिफ हेच गाण्याचे मुख्य द्रव्य असते. म्हणून सोलोची पारख त्याखालचा रिफ वगळून करता येत नाही. सेकंदाला किती स्वर वाजले, यावरून वादकांची प्रतवारी लावण्याची जी रीत रसिकांत आहे, ती येथेच फसते.

स्लेअरच्या जेफ हॅनेमन व केरी किंग यांच्या वादनावर या फसव्या कसोटीने नेहमीच अन्याय झाला आहे. त्यांच्या सोलोंना बहुधा आधारस्वर नसतो. गिटारच्या पुलाला जोडलेली दांडी दाबून व उचलून तारांचा ताण एकदम बदलायचा आणि किंकाळीसारखे घसरते नाद काढायचे, ही त्यांची पद्धती. स्वरमाधुर्याच्या दृष्टीने हे वादन निर्धन आहे, यात शंका नाही. परंतु ‘रेन इन ब्लड’ (१९८६) या सु. २९ मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेतील ‘एंजल ऑफ डेथ’ या गाण्याचा विषय आउश्विट्सच्या छळछावणीत योझेफ मेंगेले या नाझी डॉक्टरने केलेले प्रयोग हा आहे. अशा विषयावर सुरेल, घोटून बसविलेला सोलो अशोभनीय ठरला असता. रिफ यंत्रवत अचूक आणि सोलो त्यावर विस्कटलेला, हा विरोधच तेथे आशयाचे काम करतो. पुढील ध्वनिमुद्रिकांत हीच युक्ती विषय कोणताही असो वापरली गेली व तिची धार गेली, हेही नमूद केले पाहिजे.

मेटॅलिकाची वाट निराळी आहे. १९८३ मध्ये डेव्ह मस्टेनच्या जागी आलेला कर्क हॅमेट हा जो सॅट्रिआनीचा शिष्य. त्याच्या वादनाचा पाया ब्लूजमधील पाच स्वरांच्या श्रेणीचा असून तिचे स्वर आपल्याकडील धानी रागाच्या स्वरांशी जुळतात. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) हे साडेआठ मिनिटांचे शीर्षकगीत या दृष्टीने अभ्यसनीय आहे. व्यसनाधीनतेवरील या गाण्याच्या मध्यभागी लय उतरते, गिटारचा नाद स्वच्छ होतो आणि एक संथ, गेय सोलो येतो. तो हॅमेटचा नसून रिफवादक व गायक जेम्स हेटफील्ड याचा आहे. त्यानंतर द्रुत लय परतल्यावर हॅमेटचा सोलो येतो. पहिला सुटकेचा भास निर्माण करतो आणि दुसरा तो मोडतो. हॅमेटच्या सोलोत एके ठिकाणी तार पट्टीच्या कडेबाहेर ओढली जाऊन एक अनपेक्षित उंच स्वर उमटला. तो तसाच ठेवण्यात आला.

मेटॅलिकातून बाहेर पडलेल्या मस्टेनने मेगाडेथची स्थापना केली. ‘रस्ट इन पीस’ (१९९०) या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याने मार्टी फ्रीडमनला घेतले. ‘हँगर १८’ या गाण्याच्या उत्तरार्धात गायन जवळजवळ संपतेच. मस्टेन व फ्रीडमन आळीपाळीने लहान लहान सोलो वाजवीत जातात व अखेरीस लय अधिक चढते. मस्टेनचे वादन खरखरीत व चिडखोर, तर फ्रीडमनचे वळणदार, पाश्चात्त्येतर स्वरश्रेणींकडे झुकणारे. हे गाणे उभे राहते ते या स्वभावभेदावर. फ्रीडमनचा ‘टॉर्नेडो ऑफ सोल्स’मधील सोलो या प्रकारातील सर्वांत सुघटित रचनांपैकी होय. टेस्टामेंटचा ॲलेक्स स्कोल्निक हाही सॅट्रिआनीचाच शिष्य. तो पुढे जॅझकडे वळला, पण त्याच्या आरंभीच्या वादनातही स्वरांची निवड वेगापेक्षा वरचढ आहे.

१९९० नंतर रॉक संगीतात सोलोविषयी अरुची वाढली. मेटॅलिकाच्या ‘सेंट अँगर’ (२००३) या ध्वनिमुद्रिकेत एकही सोलो नाही. तिच्या निर्मितीवरील ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ (२००४) या माहितीपटात हॅमेट या निर्णयास हरकत घेताना दिसतो : सोलो गाळल्यानेच हे संगीत त्या विशिष्ट काळाचे म्हणून ओळखले जाईल, असा त्याचा मुद्दा. तो खरा ठरला. मात्र त्या ध्वनिमुद्रिकेचे दौर्बल्य केवळ सोलोच्या अभावात नाही. तेथील रिफ लांबतात, पण त्यांना कोठे पोहोचायचे असते हे कळत नाही. सोलोची जागाच रचनेत उरलेली नाही. ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) मध्ये सोलो परत आले. त्यांतील ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ हे संथ आरंभाकडून द्रुत वादनाकडे जाणारे गाणे प्रभावी आहे, तथापि त्याची बांधणी ‘फेड टू ब्लॅक’ (१९८४) व ‘वन’ (१९८८) यांच्याच साच्यातली आहे.