एइसा : ढोल आणि शब्द

ओकिनावा बेटावरील ‘एइसा’ हे नृत्य मूळचे पितरांच्या पाठवणीचे. चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात, ओबोनच्या सणात, गावच्या तरुण मंडळाने ढोल वाजवीत गल्लीगल्लीतून फिरावे, हा त्याचा परिपाठ. १६०३ च्या सुमारास तैच्यू या बौद्ध भिक्षूने तेथे नेलेली नामस्मरणपर गीते त्याच्या मुळाशी आहेत, असे सामान्यतः मानले जाते. नृत्याचे नावही गीतातील पालुपदावरून पडले, असे एक मत प्रचलित आहे. ते ग्राह्य धरल्यास या ढोलनृत्याचे नाव ढोलाने नव्हे, तर गाण्याने दिले, असे म्हणावे लागते.

१९५६ साली कोझा शहरात एइसाची स्पर्धा भरली आणि पितरांसाठीचे नृत्य परीक्षकांसमोर आले. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘ऱ्यूक्यू कोकु मात्सुरी दाइको’ या पथकाने कराटेच्या हालचाली व ध्वनिमुद्रित संगीत स्वीकारले. यास भ्रष्टता म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांना गावाचे मंडळ नाही अशांच्या, ब्राझीलसारख्या दूर देशांतील ओकिनावी वंशजांच्याही, हाती त्याने ढोल दिला. खरा आक्षेप निराळा आहे. परंपरेत सान्शिन वाजविणारा गायक लय ठरवितो आणि नर्तक त्यास पालुपदाने उत्तर देतात. मुद्रित गीत कोणाच्याही उत्तराची वाट पाहत नाही. युनेस्कोने २००९ साली ओकिनावी भाषेची गणना संकटग्रस्त भाषांत केली. अशा भाषेस ऐकणाऱ्यापेक्षा गाणाऱ्याची गरज अधिक असते. ढोलाचा नाद वाढला, यात दोष नाही. गाणारा कंठ मात्र रिंगणात राहिला पाहिजे.