भरती करणाराची निवड : मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर-पद्धतीविषयी काही विचार

उद्योगाच्या यशापयशाची मीमांसा करताना भांडवल, यंत्रसामग्री, कच्चा माल आणि बाजारपेठ यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. कामगारांची निवड ज्याच्या हाती असते त्या माणसाची निवड मालकाने कोणत्या कसोटीवर केली, हा प्रश्न मात्र बहुधा तळटिपेत राहतो. मुंबईच्या कापडगिरण्यांतील जॉबरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भरती करणारा चुकीचा निवडला गेला म्हणजे धंद्यावर काय परिणाम होतात, याचा इतका प्रदीर्घ पुरावा अन्यत्र क्वचितच सापडेल.

जॉबर हा मुळात खात्यातला मुकादम. यंत्रांची देखभाल, कामाची वाटणी, नवशिक्याला शिकविणे आणि शिस्त राखणे ही त्याची कामे. त्यांच्याच जोडीला माणसे आणण्याचे, ठेवण्याचे आणि काढण्याचे अधिकार व्यवहारतः त्याच्याकडे आले. स्त्रियांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. नोकरी मिळविण्यासाठी आणि टिकविण्यासाठी कामगाराला दस्तुरी द्यावी लागे. चाळीतला गाळा, वाण्याची उधारी आणि सावकाराचे कर्ज यांतही अनेकदा जॉबरचाच शब्द चाले.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. जॉबरकडून नेमणुकीचे व बडतर्फीचे अधिकार काढून घ्यावेत आणि त्यासाठी स्वतंत्र श्रमाधिकारी नेमावा, अशी त्याची शिफारस होती. हे वर्णन यथार्थ आहे. निदान मात्र अपुरे वाटते. दोष जॉबरच्या लोभात आहे, अशी समजूत त्यातून सहज होते. लोभ हा खरा मुद्दा नव्हे. ज्याला प्रत्येक नव्या नेमणुकीतून प्राप्ती होते त्याला माणसे टिकण्यापेक्षा बदलण्यात अधिक लाभ असतो. अशा माणसाकडे स्थिर कामगारवर्गाची अपेक्षा करणे म्हणजे त्याने स्वतःच्या हिताविरुद्ध वागावे अशी अपेक्षा करणे होय. माणूस सज्जन असता तरी पदाची रचना तीच राहिली असती.

मग मालकांनी ही पद्धत इतकी वर्षे का चालू दिली? मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचे उत्तर मालकांच्या धोरणात शोधले. मुंबईला मजुरांची सर्वसाधारण टंचाई नव्हती. सैल शिस्त व अस्थिर कामगारवर्ग हा ग्रामीण मनोवृत्तीचा परिणाम नसून मालकांनी स्वीकारलेल्या व्यवस्थेचा परिणाम होता, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते बहुतांशी मान्य करावे लागते. जॉबर मालकाला स्वस्त पडे. भरतीचा खर्च गिरणीच्या वहीत दिसत नसे, कारण दस्तुरीच्या रूपाने तो कामगारच सोसत असे. मागणीतील चढउताराप्रमाणे बदली कामगार कमीअधिक करण्याची सोयही होती.

परंतु वहीतून वगळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो खाडे, अर्धवट शिकलेले हात, खराब झालेला माल आणि वारंवार बदलणारी माणसे या रूपांनी परत येतो. फक्त त्याचे नाव भरतीचा खर्च असे राहत नाही. याहून मोठी हानी म्हणजे कार्यालयाला आपल्याच कामगारांची ओळख राहत नाही. १९२० नंतरच्या दशकात जपानी स्पर्धेला तोंड देण्यासाठी गिरण्यांनी एका विणकराकडे अधिक साचे देण्याच्या योजना आखल्या. तेव्हा शिकलेल्या आणि टिकून राहणाऱ्या माणसांची गरज भासली. पण माणसे कमी करण्याचा हुकूम अमलात आणायचा होता तो ज्याचे वजन त्याच्या माणसांच्या संख्येवर अवलंबून होते त्याच्याकरवी. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार उतरले. संपाची कारणे वेतनात व कामाच्या वाढत्या ओझ्यात होती, जॉबरमध्ये नव्हे; तथापि मालक व कामगार यांच्यामध्ये विश्वासाचा दुसरा मार्गच उरला नव्हता, हे त्या संपाने उघड केले.

येथे राजनारायण चंदावरकर यांच्या १९९४ च्या ग्रंथाची दखल घेणे अवश्य आहे. जॉबर सर्वसत्ताधीश नव्हता, वस्तीतील संबंधांवर आणि कामगारांच्या मान्यतेवर त्याची सत्ता अवलंबून होती, हे त्यांनी साधार दाखविले. या दुरुस्तीमुळे आमचा निष्कर्ष ढळत नाही. उलट दृढ होतो. जॉबरला वरून मालकाची मर्जी आणि खालून माणसांची मान्यता राखायची असे. दोन्ही एकाच वेळी राखता येईनात तेव्हा तो कोणाचाच विश्वासू मध्यस्थ राहिला नाही.

१९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत सुरू केली. निवडक बदली कामगारांना कार्डे द्यावीत आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भराव्यात, अशी ती योजना होती. जॉबरचा अधिकार तिने आकुंचित केला. पण नव्या अधिकाऱ्याचे मोजमाप कशाने करावयाचे, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला. हात भरण्याच्या वेगावरच त्याची परीक्षा होणार असेल तर कार्ड देणारा बदलतो, हिशेब बदलत नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. कंत्राटदार किंवा नोकरभरती करणारी संस्था यांना आजही अनेक ठिकाणी माणशी मोबदला मिळतो. नेमलेला माणूस वर्षभराने कामावर आहे की नाही, याच्याशी त्या मोबदल्याचा संबंध नसेल तर जॉबरचीच रचना सुशिक्षित वेषात पुन्हा उभी राहते. आपल्या अभ्यासकांनी गिरण्यांची दफ्तरे, चौकशी समित्यांपुढील साक्षी आणि कामगारांच्या आठवणी यांचा या दृष्टीने पुन्हा शोध घ्यावा. भरती करणारा कोण होता, एवढे विचारून भागणार नाही. त्याची प्राप्ती कशावर अवलंबून होती आणि त्याच्या चुकीची किंमत कोणाच्या खिशातून गेली, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत.