‘सेक्रेड गेम्स’ : धार्मिक कटाच्या रहस्यकादंबरीतील पात्रे आणि मुंबईचे उपनगर

प्रस्तावना

मराठी समीक्षेने रहस्यकथेला दीर्घकाळ रंजनप्रधान वाङ्मयाच्या कप्प्यात ठेवले. बाबूराव अर्णाळकर, सुहास शिरवळकर यांच्या लेखनाला मोठा वाचकवर्ग लाभला. अभ्यासकांचे लक्ष मात्र त्याकडे अभावानेच गेले. त्यामुळे रहस्यकथेतील स्थलकाल आणि पात्रे यांचा परस्परसंबंध हा प्रश्न फारसा चर्चिला गेला नाही. धर्माच्या नावाने रचलेल्या कटावर आधारलेल्या रहस्यकादंबरीच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. उंबेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ (१९८०) मध्ययुगीन मठात घडते, तर डॅन ब्राऊन यांची ‘द दा विंची कोड’ (२००३) संग्रहालये आणि चर्च यांच्या आधाराने उलगडते. तेथे वास्तू प्राचीन असते, तिच्यात खुणा दडलेल्या असतात आणि नायक त्या खुणा वाचणारा विद्वान असतो.

विक्रम चंद्रा यांनी ‘सेक्रेड गेम्स’ (२००६) या इंग्रजी कादंबरीत हाच कथाप्रकार मुंबईच्या उपनगरात आणला. येथे प्राचीन वास्तू नाही आणि विद्वान नायकही नाही. उपनगर ही या कादंबरीची केवळ पार्श्वभूमी आहे की कटाच्या विचाराला दिलेले उत्तर, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्थळ : अपुरेपणाचा भूगोल

कादंबरीचा आरंभ ‘पन्ना’ नावाच्या नव्याकोऱ्या इमारतीत होतो. पाचव्या मजल्याच्या खिडकीतून एक पामेरियन कुत्री खाली फेकली जाते आणि घरगुती भांडणाच्या तपासासाठी सरताज सिंग हा पोलीस निरीक्षक तेथे पोहोचतो. जगबुडीच्या कटाची कथा अशा क्षुल्लक, काहीशा हास्यास्पद प्रसंगाने सुरू व्हावी यातच लेखकाची भूमिका दिसते.

कादंबरीतील कैलाशपाडा आणि गोपालमठ ही स्थळे काल्पनिक आहेत. परंतु त्यांची नावे अस्सल आहेत. मालाडचा अप्पापाडा, बोरिवलीचा देवीपाडा, दहिसरचा रावळपाडा ही नावे ज्यांच्या परिचयाची आहेत त्यांना ‘कैलाशपाडा’ परका वाटत नाही. ‘पाडा’ हा शब्द शहर येण्यापूर्वीच्या वस्तीची आठवण जपतो. ‘गोपालमठ’ ही गणेश गायतोंडे या गुंडाने मोकळ्या जमिनीवर ताबा मिळवून वसविलेली वस्ती होय. जमीन, पाणी, मतदारयादी आणि संरक्षण या चार गोष्टींतून त्याची सत्ता उभी राहते. देवाधर्माचे नाव, जमिनीचा व्यवहार आणि निवडणुकीचे राजकारण उपनगरात कसे एकत्र नांदतात हे कादंबरी प्रवचन न करता दाखविते.

या भूगोलाला इतिहासाचा आधार आहे. जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत घर पेटविण्यात आले. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. कादंबरी प्रकाशित झाली त्याच वर्षी, ११ जुलै २००६ रोजी, पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. जोगेश्वरी आणि बोरिवली ही त्यांतील दोन स्थानके. या खटल्यातील दोषी ठरविलेल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरविले आणि त्या निकालाला पूर्वदाखला म्हणून लागू करण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. वास्तवातील रहस्ये शेवटच्या प्रकरणात सुटतातच असे नाही. उपनगरातील वाचक ही कादंबरी या जाणिवेसह वाचतो.

पात्रे : अर्थाची भूक

कादंबरीतील गुरुजी म्हणजे स्वामी श्रीधर शुक्ल हे कटाचे केंद्र आहे. मुंबईत अणुस्फोट घडवावा, त्याचा दोष ‘हिज्बुद्दीन’ या बनावट संघटनेच्या माथी मारावा, त्यातून युद्ध पेटावे आणि कलियुगाचा अंत व्हावा, अशी ही योजना आहे. गुरुजींना गोंधळ सहन होत नाही; त्यांना विश्व रेखीव हवे आहे. उपनगर याच्या नेमके उलट आहे. तेथे काहीही पूर्ण नाही, काहीही शुद्ध नाही. म्हणूनच गुरुजींचा खरा शत्रू कोणी एक धर्म नसून हे मिश्र, अपुरे जगणे आहे, असा अर्थ कादंबरीतून निघतो.

गायतोंडे हे अधिक गुंतागुंतीचे पात्र आहे. त्याचे प्रथमपुरुषी निवेदन मृत्यूनंतरही सरताजला उद्देशून चालू राहते. दंगलीनंतर त्याच्यावर ‘हिंदू डॉन’ ही ओळख येऊन पडते आणि पुढे तीच त्याच्या सोयीची होते. श्रद्धेपेक्षा अर्थाची भूक त्याला गुरुजींकडे खेचते. अखेरीस तो कैलाशपाड्यात अणुस्फोटापासून बचाव करणारे भक्कम तळघर बांधतो आणि त्यातच स्वतःवर गोळी झाडून घेतो. वस्ती वसविणारा माणूस बिनखिडकीच्या खोलीत संपतो, हे स्थळाच्या द्वारे केलेले भाष्य आहे.

सरताज हा वरकमाई घेणारा, संशयितांवर हात उचलणारा, घटस्फोटित, थकलेला शीख अधिकारी आहे. तो कट उलगडतो तो बुद्धिवैभवाने नव्हे, तर ओळखी, उसनवारी आणि विश्वासघात यांच्या साखळीतून. बॉम्ब सापडतो, शहर वाचते, पण कोणाला त्याची वार्ताही लागत नाही. सरताज पुन्हा सकाळी ठाण्यात हजर होतो.

काटेकरचा मृत्यू

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पात्र म्हणजे पोलीस शिपाई काटेकर. पत्नी शालिनी, दोन मुलगे, लहानसे घर आणि संसाराची ओढाताण हे त्याचे विश्व. कादंबरीत तो एका किरकोळ टोळीचा पाठलाग करताना मारला जातो. या मृत्यूचा महाकटाशी काहीही संबंध नाही. कथानकाच्या दृष्टीने हा ‘अनावश्यक’ मृत्यू कादंबरीचा नैतिक कणा आहे. कटाच्या विचारसरणीत प्रत्येक घटना कशाची तरी खूण असते. काटेकरचा मृत्यू कशाचीच खूण नाही आणि म्हणूनच तो असह्य होतो.

कादंबरीवर आधारित नेटफ्लिक्स मालिकेत (२०१८ व २०१९) काटेकर कटातील माल्कमच्या हातून मरतो. तेथे पंचवीस दिवसांची मुदत आहे आणि शेवट अधांतरी आहे. जितेंद्र जोशी यांच्या अभिनयाने काटेकर घरोघरी पोहोचला हे खरे. पण त्याचा मृत्यू कटात ओवला गेल्याने मूळ विचार क्षीण झाला. मालिकेने गुरुजींचेच तर्कशास्त्र स्वीकारले, असे म्हणावे लागते.

मर्यादा

कादंबरीला मर्यादाही आहेत. बंगाली स्थलांतरितांची वस्ती बव्हंशी पोलिसांच्या नजरेतूनच दिसते. तेथील माणसाला स्वतःचा आवाज क्वचित मिळतो. कोठडीतील मारहाण सरताजच्या थकव्याआड काहीशी सौम्य होते. गुरुजींचे सर्वव्यापी सामर्थ्य त्यांना माणसापेक्षा कल्पनेच्या पातळीवर ठेवते. फाळणीत हरवलेल्या मावशीची कथा सांगणारी जोडप्रकरणे हिंसेची परंपरा दाखवितात, मात्र त्यांमुळे उपनगरावरील पकड काही काळ सुटते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की ‘सेक्रेड गेम्स’मध्ये स्थळ हे पात्रांना घडविते आणि कटाचा प्रतिवादही करते. धर्मकटाच्या कादंबरीपुढे एक धोका नेहमीच असतो : कटाची निंदा करता करता ती वाचकाला प्रत्येक गोष्टीत कट पाहण्याची सवय लावते. ज्या उपनगरांनी अशा संशयाची किंमत मोजली आहे तेथे हा धोका केवळ वाङ्मयीन राहत नाही. चंद्रा यांची कादंबरी हा धोका पूर्णतः टाळत नाही. पण काटेकरच्या मृत्यूला कटाबाहेर ठेवून आणि शालिनीचे पुढचे जगणे दाखवून ती त्यावर मर्यादा घालते. मराठी रहस्यकथेच्या अभ्यासालाही हा निकष उपयोगी पडेल : रहस्य सुटल्यानंतर त्या वस्तीतील माणसे कथेत उरतात की नाही?