छायाचित्रातील छाया

कलेचे साधन स्वस्त झाले म्हणजे कला हलकी होते, अशी एक समजूत आहे. आणि साधन स्वस्त झाले म्हणजे कला घरोघर जाते, अशी दुसरी. पहिली जाणकारांची व दुसरी विक्रेत्यांची. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत, असे आम्हांस वाटू लागण्यास नुकतेच एक निमित्त घडले. हल्ली ज्याच्या त्याच्या खिशातील फोनवर हवी तितकी चित्रे निघत असता काही तरुण मंडळी फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याकडे पुन्हा वळली आहेत. आमच्या एका विद्यार्थ्यास चुलत्याच्या पेटीत असाच एक लहानसा, अंगचाच फ्लॅश असलेला कॅमेरा सापडला. तो घेऊन त्याने शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत चार महिने भटकंती केली आणि चाळीस छायाचित्रे आमच्यापुढे ठेवून 'सर, कशी आहेत ते सांगा', असे म्हटले. त्याला जे सांगितले त्यापेक्षा जे सांगावयाचे राहिले तेच अधिक होते, म्हणून हा लेख.

प्रथम थोडा इतिहास. अंधारात चित्र घेण्याची हाव जुनी आहे. १८८७ साली मीटे व गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमची एक भुकटी सिद्ध केली. ती पेटविली की क्षणभर लख्ख उजेड पडे. न्यूयॉर्कच्या पोलीस-वार्ता देणारा जेकब रीस हा पत्रकार त्या भुकटीच्या बळावर गरिबांच्या कोंदट खोल्यांत रात्री-अपरात्री शिरला, आणि १८९० साली त्याने आपले पुस्तक प्रसिद्ध करून सुखवस्तू समाजाची झोप उडविली. त्याचा हेतू परोपकाराचा होता व परिणामही पुष्कळ अंशी तसाच झाला. तथापि त्या चित्रांतील माणसांचे डोळे पाहावे, म्हणजे कोणी न विचारता दार उघडून आत आला आहे हे कळून चुकते. पुढे काचेचे बल्ब आले. आपल्याकडे होमाई व्यारावाला यांनी दिल्लीतील राजकीय घडामोडींची चित्रे घेताना तेच वापरले. एक बल्ब एकदाच उजळावयाचा. तेव्हा तो कशावर खर्च करावा याचा विचार आधी करावा लागे. १९७५ साली जपानातील कोनिका कंपनीने लहान कॅमेऱ्याच्या अंगातच विजेचा फ्लॅश बसविला आणि तो विचार संपला. नवल असे की, ज्या देशातील तानिझाकी या लेखकाने १९३३ साली घरातील अंधाराचा गौरव करणारा निबंध लिहिला, त्याच देशाने बेचाळीस वर्षांनी जगातल्या घरोघरचा अंधार पळविण्याचे हे यंत्र पाठविले!

आता या यंत्राचा स्वभाव पाहू. दोन पेन्सिल सेलांवर चालणारा हा फ्लॅश बारीक शीळ घालीत तयार होतो, तांबडा दिवा लागतो, व खटका दाबताच सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अल्पकाळात आपले काम उरकतो. नेहमीच्या फिल्मवर त्याचा पल्ला दहा-बारा फुटांचा. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, असा निसर्गाचा नियम आहे. पाच फुटांवरील नवरीच्या मुखावर जितका प्रकाश पडतो त्याचा सोळावा हिस्साच वीस फुटांवरील वऱ्हाड्यांच्या वाट्यास येतो. म्हणून नवरी पिठासारखी पांढरी आणि वऱ्हाड काळोखात बुडालेले. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे छाया वस्तूच्या पाठीमागे लपते व चेहऱ्याचे उंचसखलपण नाहीसे होते. अंधारात विस्तारलेल्या बाहुलीतून तो उजेड डोळ्याच्या तळाशी जातो आणि तेथील रक्ताचा रंग घेऊन परत येतो. त्यामुळे डोळे लाल दिसतात. एका लग्नाचे असे चित्र पाहून आमच्या आत्याने 'काय रे, हिचे डोळे आले होते काय?' असे कळवळून विचारल्याचे आम्हांस आठवते.

'फोटोग्राफी' या शब्दाचा धात्वर्थ प्रकाशाने लिहिणे असा आहे. मराठीने मात्र छायेचे नाव पुढे केले व 'छायाचित्र' हा शब्द रूढ केला. त्यामागे कोणाचा काय विचार होता हे बाजूस ठेवू. पण शब्द मार्मिक आहे. चित्रास प्रकाश सगळेच देतात. छाया कोठे राहू द्यावी हे कळणे, ही कला होय. ह्या कसोटीवर विद्यार्थ्याची चित्रे घासून पाहू.

त्यांतील एक माहुलीचे आहे. संध्याकाळची वेळ, अडीच हजार फुटांहून उंच किल्ला, आणि उजेड कमी दिसताच कॅमेऱ्याने आपल्याच मनाने फ्लॅश उडविला! ज्या गडावर १६३६ साली निजामशाहीचा शेवट झाला आणि शहाजीराजांस शरण यावे लागले, त्या गडास ह्या दोन सेलांच्या दिव्याची काय मातब्बरी? उजळले ते पायथ्याचे चार गवताचे झुंबे. हसू येते खरे, पण दोष विद्यार्थ्याचा इतकाच की निर्णय त्याने यंत्राच्या हवाली केला. फ्लॅश बंद ठेवण्याची कळ ज्या कॅमेऱ्यास असते, त्याच्या धन्याने ती कळ सर्वांत आधी ओळखून ठेवावी.

दुसरे चित्र गंभीर आहे आणि आमच्या मते सर्वांत चुकलेले. ठाकरवाडीतील एका झोपडीचा हा आतला भाग. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती. त्यांच्या फटींतून दुपारी कवडसे आत येतात, चुलीचा धूर त्यांतून वळणे घेत जातो, आणि त्या उजेडात बसलेली म्हातारी नीट दिसावयास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे म्हणजेच ते घर होय. फ्लॅशने कवडसे पुसले, धूर पुसला, भिंत चुना दिल्यासारखी सपाट केली आणि म्हातारीस चौकीत उभ्या केलेल्या आरोपीची कळा आणली. चित्रात सारे दिसते आणि काहीच कळत नाही. येथे कॅमेरा उखळावर टेकवून, फ्लॅश बंद करून, श्वास रोखून वाट पाहावयास हवी होती.

उलट म्हशाच्या जत्रेतील चित्र पाहा. पौष पौर्णिमेस मुरबाडनजीक भरणाऱ्या ह्या जत्रेतला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. भर दुपार, माथ्यावर ऊन, आणि बैलाचे दात पाहणारा एक शेतकरी. फेट्याच्या कडेची छाया डोळ्यांवर अशी पडली असती की कपाळ व हनुवटी यांच्यामध्ये केवळ काळोख उरला असता. विद्यार्थ्याने उन्हातही फ्लॅश उडविला. सूर्यापुढे तो दुबळाच ठरला; पण त्या दुबळेपणामुळेच छाया राहिली आणि तिच्या आत माणसाचे डोळे दिसले, सौदा पटेना म्हणून बारीक झालेले. प्रकाशाने छाया हटविली नाही, तिला बोलते केले. हे चित्र कोणत्याही संग्रहात शोभेल.

आनंदवर्धनाच्या ग्रंथाचे नाव 'ध्वन्यालोक', व त्यावरील अभिनवगुप्ताच्या टीकेचे नाव 'लोचन'. एका नावात उजेड, दुसऱ्यात डोळा! झोपडीच्या चित्रात नुसता वाच्यार्थ आहे आणि जत्रेच्या चित्रात व्यंग्यार्थ, असे म्हणून फ्लॅशला वाच्यार्थाच्या ओसरीवर बसवून ठेवण्याचा मोह आम्हां शिक्षकांस सहज होतो. परंतु आनंदवर्धन तसे करीत नाही. ज्याला उजेड हवा तो दिव्याच्या ज्योतीची निगा राखतो, कारण ती उजेडाचे साधन आहे. त्याचप्रमाणे ज्याला व्यंग्यार्थ हवा त्याने वाच्यार्थाची कदर केली पाहिजे, असे त्याचे सांगणे आहे. हे वाक्य आम्ही कित्येक वर्षे वर्गात समजावून दिले. ते आम्हांस स्वतःस समजले नव्हते, याचा पुरावा आमच्या घरातच आहे.

१९९४ सालच्या वैशाखात शहापूर तालुक्यातील आत्याच्या गावी तिच्या मुलीचे लग्न होते. आम्ही नवे पदवीधर, मागून आणलेला भारी कॅमेरा गळ्यात, आणि फ्लॅश म्हणजे ग्राम्यता हे मत डोक्यात. हळदीच्या रात्री वीज गेली; मांडवात एक गॅसबत्ती उरली. तिच्या उजेडात आत्यास बसवून आम्ही रेम्ब्रांटची स्वप्ने पाहू लागलो. ती म्हणाली, 'अरे बाळ, एवढ्याशा उजेडात मी दिसायची कशी?' आम्ही हसलो. थोड्या वेळाने आतेभावाने आपला स्वस्तातला कॅमेरा काढून चार पावलांवरून तिच्यावर फ्लॅश मारला. आम्ही मान फिरविली. रोल कल्याणहून धुऊन आला, तेव्हा आमच्या सातही चित्रांत अंधार व हललेल्या हाताची एक रेघ यांवाचून काही नव्हते. पुढल्या पावसाळ्यात आत्या गेली. आज तिचे असे एकच चित्र उरले आहे: आतेभावाचे. त्यात तिने दिपून डोळ्यांपुढे हात आडवा धरला आहे, बोटांना हळद आहे, आणि हाताखाली ती हसते आहे. मागे काळोख. कलेचे सर्व नियम मोडलेले हे चित्र गेली तीस वर्षे त्या घराच्या भिंतीवर आहे. आमच्या अभिरुचीने तिला चेहरा दिला नाही. त्या दोन सेलांनी दिला.

मग झोपडीतील म्हातारीवरचा फ्लॅश चूक आणि आत्यावरचा बरोबर, असे का? तेच यंत्र, तोच सपाट उजेड. फरक आम्हांस असा दिसतो. फ्लॅशचा पल्ला दहा फुटांचा असल्यामुळे तो वापरणाऱ्यास दहा फुटांच्या आत यावेच लागते, आणि खेड्यातील घरात दहा फुटांच्या आत उंबरठा येतो. उंबरठ्याच्या आत ज्याला जागा आहे त्याचा उजेड माणसे हसून झेलतात. ज्याला नाही त्याचा उजेड ती सोसतात. दोन्ही गोष्टी चित्रात उतरतात, आणि फ्लॅशवर रुमाल धरून उजेड कितीही मऊ केला तरी लपत नाहीत.

विद्यार्थ्यास आम्ही इतकेच विचारले, 'त्या आजींना त्यांचे चित्र नेऊन दिलेस काय?' तो ओशाळून नाही म्हणाला. आता तो पुन्हा जाणार आहे. चित्र त्यांच्या हाती द्यावे, चहा देतील तो घ्यावा, अंधाराला डोळे सरावेपर्यंत बसावे, आणि मग फ्लॅश लागतो की नाही ते ठरवावे, असे आम्ही त्यास सांगितले आहे. त्यांना ते पहिले चित्रच आवडले, तर आमचे वरील मत तेवढ्यापुरते मागे घेण्यास आम्ही तयार आहो.