समुद्रतळीचा परलोक

क्नूड रासमुसेन यांचा इग्लूलिक एस्किमोंच्या बौद्धिक संस्कृतीवरील ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. (‘एस्किमो’ हे परक्यांनी दिलेले नाव, ते लोक स्वतःस इन्युइट म्हणवितात.) ग्रंथकर्ता ग्रीनलंडमधील एका पाळकाचा पुत्र, बालपणापासून ती भाषा बोलणारा. म्हणूनच १९२१ ते १९२४ च्या मोहिमेत त्याच्यापुढे माणसे मोकळेपणी बोलली.

ग्रंथाचा गाभा म्हणजे समुद्रमातेचे आख्यान. नावेच्या कडेस बिलगलेल्या कन्येची बोटे पित्याने छाटली आणि त्या बोटांचे सील झाले. मनुष्यांचे नियमभंग मळ होऊन तिच्या अंगावर साचतात. केस विंचरावयास तिला बोटे नाहीत. ती रुष्ट झाली की शिकार नाहीशी होते. मग ‘अंगाक्कुक’ समुद्रतळी उतरून तिचे केस विंचरतो, आणि परतल्यावर जमलेली मंडळी आपले दोष उघड करतात. येथे आपणांस पापनिवेदनाच्या संस्काराची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु ही तुलना फार ताणू नये. तेथे निषेधभंगाचे क्षालन आहे. क्षमा करणारा पिता नाही.

परलोकाविषयीचे प्रकरण अधिक विचारणीय वाटते. बुडून वा घातपाताने मेलेले आकाशात जातात व वालरसच्या कवटीने चेंडू खेळतात; तोच उत्तरध्रुवीय प्रकाश. आजाराने मेलेले समुद्राखालील भूमीत जातात. स्थान ठरते ते मरणाच्या प्रकारावरून. ग्रीनलंडमध्ये तर खालचा लोक उबदार व समृद्ध, वरचा थंड व उपाशी! १७२१ साली तेथे गेलेल्या हान्स एगेडे यांच्या परंपरेने नरक खाली दाखविला आणि ‘तोर्नार्सुक’ या साहाय्यक आत्म्याचे नाव सैतानास दिले. आपल्या फादर स्टीफन्सनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द योजिला, हे येथे आठवते. श्रोत्यांच्या आदराच्या शब्दाचा आदर राखण्याची ती दृष्टी ग्रीनलंडच्या प्रेषितांस लाभली नाही, असे माझे मत आहे.

सर्वांत बोलके पात्र आवा नामक अंगाक्कुक. ‘हे नियम का?’ असे रासमुसेन वारंवार विचारतो, तेव्हा आवा त्याला वादळात बाहेर नेतो. मंद दिव्यापाशी कुडकुडणारी मुले दाखवितो, आजारी बहीण दाखवितो, आणि उलट विचारतो की हे का? आपण विश्वास ठेवीत नाही, भितो, असेही तो सांगतो. ईयोबाच्या मित्रांनी अशा प्रसंगी लांबलचक उत्तरे दिली होती. रासमुसेन निरुत्तर राहिला व तसे त्याने प्रांजळपणे नोंदविले, हे मला ग्रंथाचे मोठेपण वाटते.